एका गाडीत मावलेलं लग्न

भाचीच्या लग्नात ज्यांच्यावाचून अडेल अशी सगळी माणसं मी एकाच गाडीत भरली. चूक माझीच. बायको तेव्हाच म्हणाली होती, की गुरुजींना तरी आदल्या दिवशी पाठवा. मी ऐकलं नाही, कारण त्या दिवसांत मी कोणाचंच ऐकत नसे. मी लोकांना ऐकवत असे.

मी राहतो देवासला आणि शिकवतो टोंकखुर्दच्या शाळेत. पूर्वी आम्ही चार मास्तर चार गाड्यांनी जायचो, एकामागून एक, एकमेकांची धूळ खात. मग मी टूम काढली की सगळ्यांनी एकाच गाडीने जायचं. ती जमली. जमली म्हणजे इतकंच, की एकाला लसणाची चटणी सोडवेना, दुसऱ्याला खिडकी उघडवेना आणि तरीही आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं. पण एवढ्याशा यशाने माझं डोकं फिरलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी चक्क व्याख्यान दिलं. परदेशात म्हणे भरलेल्या गाड्यांना रस्त्यावर वेगळी लेन असते. गाडीत दोनतीन माणसं असली की त्या लेनमधून सरळ निघा. एकटे असाल तर बसा इतरांबरोबर खोळंबून. बसगाड्यांनाही तीच मोकळी वाट. हे सगळं मी असं रंगवून सांगितलं, की जणू ती लेन माझ्या चुलत्यानेच आखली होती. ऐकायला आलेली मंडळी आपापल्या गाड्यांनी आली होती. व्याख्यान संपल्यावर मंडळाच्या गल्लीत त्या गाड्या अशा काही अडकल्या, की आरतीचा प्रसाद घेऊन लोक पुन्हा आत येऊन बसले. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

आता लग्नाचं सांगतो. माझी धाकटी बहीण धारला दिलेली. तिची एकुलती एक मुलगी. मुलाकडचे पीपलरावां गावचे, शेतीवाडीवाले, मालवी बोलणारे, माणसं झकास. त्यांच्याकडे लग्न संध्याकाळी, वाजतगाजत, फेरे घेऊन. भाचीला मात्र आपल्या पद्धतीचं हवं होतं. गौरीहर, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं. मुलीला मराठी वाचताना दम लागतो, हिंदी शाळेतली पोर. पण आजीच्या तोंडून तिने लहानपणापासून ऐकलं होतं की आपल्याकडे नवरी कशी उभी राहते, मामा तिला कसा आणतो. तिने ते मनात धरून ठेवलं होतं. बहिणीने व्याह्यांच्या मागे लागून लागून कबूल करवून घेतलं, की दुपारी बाराच्या जरा आधीच्या मुहूर्तावर आपलं लग्न आणि संध्याकाळी त्यांचं. व्याही हसत म्हणाले होते, "टैम पे हो जाए तो हमको कंई दिक्कत नी." त्यातला 'टैम पे' बहिणीच्या छातीवर दगडासारखा बसला होता. मुहूर्त चुकला की आपलं लग्न बाद. संध्याकाळचे फेरे तर होणारच आहेत, मग उगाच दोनदा कशाला, असं कोणीतरी म्हणणार आणि सगळे माना डोलावणार.

तर त्या मुहूर्ताला काय काय लागत होतं? एक, गुरुजी. मराठी पद्धतीने लग्न लावणारे आमच्या ओळखीत एवढेच उरलेत, तेही देवासचे. दोन, अष्टपुत्री, म्हणजे मामाकडून येणारी पिवळी साडी. ती नेसूनच नवरी गौरीहरापाशी बसते. ती साडी माझ्या आत्याने स्वतः निवडली होती आणि कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. तीन, मामा. गौरीहरापासून नवरीला बोहल्यापर्यंत आणायचा मान त्याचा. म्हणजे मी.

गुरुजींना त्यांच्या मुलाने आदल्या संध्याकाळी मोटारीने सोडायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, "एका माणसासाठी एक गाडी? काय बोलता?" आत्या तिच्या नातजावयाबरोबर आधीच जाणार होती. तिलाही मी थांबवलं. देवासच्या सगळ्यांसाठी मी एक ट्रॅव्हलर ठरवली, तेरा जणांची, आणि एकही जागा रिकामी राहू दिली नाही. मागच्या सीटखाली अक्षतांचं गाठोडं, पुढे ड्रायव्हरजवळ गुरुजींची पोथ्यांची पिशवी, मध्ये आत्या आणि तिच्या मांडीवर साडीचा डबा. सकाळी निघालो तेव्हा मी दारात उभं राहून सगळ्यांची हजेरी घेतली. मास्तरकीची खोड.

पीपलरावांची वऱ्हाडी मंडळी आदल्या दिवशीच धारला पोहोचली होती. गाड्या इतक्या, की बहीण फोनवर म्हणाली, "दादा, एकेका गाडीत दोनदोन माणसं उतरतायत." मी कळवळलो. रस्त्यांबद्दल कळवळलो म्हणजे.

इंदूरला बाहेरून वळसा घालून बेटमा मागे टाकेपर्यंत सगळं सुरळीत होतं. बायको गाणी म्हणत होती. गुरुजी डुलक्या घेत होते. घाटाबिल्लोदच्या अलीकडे समोरचा ट्रक थांबला. त्याच्या पुढचा थांबलेला होताच. आम्ही थांबलो आणि आमच्या मागे एक कंटेनर असा येऊन टेकला, की आरशात नुसता त्याचा दात विचकलेला पुढचा भाग दिसत होता. डावीकडे पिथमपूरकडे जाणारे ट्रक, उजवीकडे एक पांढरी मोटार. दार अर्धंच उघडत होतं.

ड्रायव्हर खाली उतरून पाहून आला. "भिया, पंखे की पत्ती अटक गी."

पुढे पुलाचं काम चाललं होतं आणि सगळी वाहतूक बाजूच्या अरुंद रस्त्याने वळवली होती. त्या वळणावर पवनचक्कीचं पातं वाहून नेणारा लांबच लांब ट्रेलर वळायला गेला आणि आडवा अडकला. पातं केवढं असतं ते डोंगरावर फिरताना कळत नाही. रस्त्यावर आडवं पडलं की कळतं.

"किती वेळ लागेल?" आत्याने विचारलं.

"माँसाब, क्रेन आएगी तब हिलेगा."

"क्रेन कुठून येणार?"

"वो भी इसी जाम में होगी पीछे."

आत्या ऐंशीच्या पुढची आहे आणि उगाच शब्द खर्च करत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग साडीच्या डब्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते दाबून बघितलं. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी बंद केली तशी आतली हवा दाटली. तेरा माणसांचा श्वास, गजऱ्यांचा वास, गुरुजींच्या पिशवीतला कापूर. खिडकी उघडली की ट्रकचा धूर आत. बंद केली की आपलाच धूर. बहिणीचे फोन सुरू झाले. आधी "कुठे आहात", मग "निघालात का तिथून", मग नुसतंच "दादा". त्या शेवटच्या 'दादा'च्या मागे कोणीतरी हिंदीत विचारत होतं की पंडितजी किधर हैं. नवरी गौरीहरापाशी बसायची खोळंबली होती. साडीच नाही, तर ती कशी बसणार?

"गुरुजी," मी म्हटलं, "मुहूर्त थोडा पुढे ढकलता येईल का?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "येईल की. पुढच्या महिन्यात."

उजवीकडच्या पांढऱ्या मोटारीत एकच माणूस होता. काचा वर, आत गारवा, सीट मागे रेललेली. तो पुडीतून शेव खात होता, एकेक काडी, निवांत. हे मला बघवेना. आमच्या गाडीत तेरा माणसं उकडतायत आणि हा एकटा एवढ्या मोठ्या गाडीत शेव खातोय, आणि दोघे एकाच जागी उभे. माझ्यातला व्याख्याता जागा झाला. मी खिडकीतून त्याची काच वाजवली. त्याने ती खाली केली.

"भाईसाब, अकेले जा रहे हो?"

"हाँ जी."

"इतनी बड़ी गाड़ी में? आप जैसे लोगों की वजह से ही तो जाम लगता है."

त्याने आमच्या गाडीत डोकावून पाहिलं. एक शेव तोंडात टाकली. "आप तेरह लोग हो?"

"पूरे तेरह."

"तो आप कौन सा पहले पहुँच गए?"

गाडीत कोणीतरी खोकल्यासारखं केलं. बायकोच असावी.

पण त्याचं म्हणणं खरं होतं आणि तेच मला डाचत राहिलं. भरलेल्या गाडीला पुढे जायला वेगळी वाटच नसेल, तर ती भरून काय साधलं? एकटा माणूस निदान ऐसपैस बसून अडकतो. आम्ही कोंबून घेऊन अडकलो होतो. व्याख्यानात मी लोकांना अर्धीच गोष्ट सांगितली होती, माणसं भरायची. वाट कोणी सोडायची, ते मी पाहुण्यांच्या चहापाण्यासारखं दुसऱ्यावर टाकून दिलं होतं.

मी अर्ध्या दारातून पोट आत ओढून खाली उतरलो आणि ट्रकांच्या मधून वाट काढत पुलापाशी गेलो. तिथे एक ट्रॅफिकवाला हवालदार घामाने निथळत उभा होता. बघतो तर काय, नव्या पुलाची एक बाजू जवळजवळ तयार. खडी पसरलेली, वर रोलर फिरलेला, फक्त तोंडाशी लोखंडी अडसर. माझ्या डोळ्यांदेखत त्याने अडसर सरकवून एक अँब्युलन्स त्या बाजूने सोडली. तिच्यामागे एक बसही सोडली.

मला भरून आलं. माझं व्याख्यान रस्त्यावर अवतरलं होतं. मोकळी वाट होती, बसला त्यावरून जाऊ देत होते, एकट्या गाड्या खोळंबलेल्या होत्या. मीच तेवढा चुकीच्या बाजूला होतो.

"साहब," मी म्हटलं, "हमारी गाड़ी में तेरह आदमी हैं. शादी है. पंडितजी हमारे पास, साड़ी हमारे पास."

"दूल्हा किसके पास है?"

"दूल्हा वहीं है. धार में."

"तो शादी तो वहीं है ना."

मी त्याला पद्धत समजावू लागलो. गौरीहरापासून सुरुवात केली. तो ऐकतही होता बिचारा, पण मध्येच शिट्टी मारत होता. शेवटी म्हणाला, "मास्साब, आप तेरह बोलो के तीस बोलो. एक को छोड़ा तो पीछे वाले सबके घर में शादी निकलेगी. एंबुलेंस और बस. बाकी कोई नी."

मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

परत येताना दिसलं, की आमच्या मागे कंटेनरच्या पलीकडे इंदूर–धार बस उभी आहे. उभ्याने माणसं होती, पण दारात जागा होती. मी धावतच गाडीपाशी आलो. "उतरा. सगळे उतरा. बसने जायचं. बस सोडतायत."

लग्नाची माणसं ट्रकांच्या मधून चालत जाताना तुम्ही कधी पाहिलीत का माहीत नाही. पैठण्या वर खोचलेल्या, गुरुजी पिशवी डोक्यावर घेऊन, आत्याला ड्रायव्हरने एका बाजूने आणि बायकोने दुसऱ्या बाजूने धरलेलं. ट्रकवाले उतरून वाट करून देत होते. एकाने विचारलं, "काकाजी, दुल्हन कौन सी है?" आत्या म्हणाली, "मीच." त्याने हात जोडले.

बसच्या कंडक्टरने आत्याला वर ओढून घेतलं, "आओ माँसाब, भिया हटो, माँसाब को सीट दो." गुरुजी चढले. डबा चढला. एकेक करत सगळे चढत होते आणि मी खाली उभा राहून मोजत होतो. मोजून झाले बारा, तेरावा मी. बस इंच इंच पुढे सरकू लागली होती, पुढचे ट्रक बाजूला होत होते.

आणि त्या वेळी मला तो शेव खाणारा दिसला. आमच्या रिकाम्या गाडीच्या शेजारी अजून तसाच बसलेला. मला वाटलं, ह्यालाही सांगावं. हीच तर वेळ. सिद्धांत डोळ्यांसमोर खरा होतोय आणि हा बघत बसलाय. मी कंटेनरला वळसा घालून गेलो, काच वाजवली.

"भाईसाब, गाड़ी यहीं साइड में लगा दो. चलो हमारे साथ बस में. देखो, बस को रास्ता मिल रहा है. यही तो मैं कह रहा था."

त्याने काच खाली केली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "मास्साब, आपकी बस गई."

मी वळलो. आम्हाला मागे टाकून बस अडसरातून आत शिरली होती. शेवटच्या खिडकीत बायकोचा हात दिसला. तो हात बोलावत होता की कपाळाला लावलेला होता, ते अंतरामुळे कळलं नाही. मागून धावलो तेवढ्यात हवालदाराने अडसर पुन्हा ओढून घेतला.

"पैदल जाने दो," मी म्हटलं.

"पुल के बीच में गड्ढा है. लोहे के पट्टे पे से बस निकलती है, आदमी को नी छोड़ सकता. आप गिरोगे तो मेरी नौकरी."

मी परत आमच्या गाडीत येऊन बसलो. तेरा सीटच्या गाडीत मी एकटा, आणि पुढे ड्रायव्हर. पांढऱ्या मोटारीतल्याने पुडी पुढे केली. "लो. अब अपन बराबर हो गए." मी घेतली. काय करणार? चांगली होती शेव, लवंगेची.

फोन वाजला. बायको. "अहो, कुठे आहात तुम्ही? मागच्या दाराला का?"

"खाली."

"खाली कुठे?"

"रस्त्यावर. गाडीत."

मग ती शेजारी कोणाला तरी म्हणाली, "राहिले ते." एवढंच. जणू छत्री राहिली.

मग तिथे बसमध्ये सभा भरली, ती मी फोनवर ऐकली. मामा कोण? दुसरा सख्खा भाऊ नाही. चुलत एक आहे तो पुण्यात. बहिणीला फोन गेला, तिचं रडणं ऐकू आलं. कंडक्टरनेही काहीतरी सुचवलं, आणि त्याला गप्प केलं गेलं. मग आत्याचा आवाज. "गुरुजी, मुलीला मामाकडच्याच माणसाने आणायचं ना? मी मामाकडचीच आहे. मामाच्या बापाची बहीण. ह्याच्या आधीपासूनची." गुरुजी म्हणाले, "चालेल. उलट उत्तम." ते 'उलट उत्तम' मला अजूनही मधूनमधून ऐकू येतं.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. काहीच घडत नव्हतं. पातं तसंच आडवं होतं. ड्रायव्हर पुढच्या सीटवर पाय लांब करून पडला होता. मी एकदा पहिल्या रांगेत बसलो, एकदा शेवटच्या. दार उघडलं तर कंटेनरचं चाक, खिडकी उघडली तर ट्रकची ताडपत्री. इतक्या जागा आणि उठून कुठे जायचं म्हणाल तर जागा नाही. तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं. सीटखालचं अक्षतांचं गाठोडं. ते कोणी नेलंच नव्हतं. मी फोन केला, तर बायको म्हणाली, "इथे हळदकुंकवात तांदूळ कालवले केव्हाच. आम्ही पोहोचलोय. साडी नेसवतायत तिला. आता फोन करू नका, मी करीन."

तिने केला. नुसता फोन धरून उभी राहिली. आधी गलका. मग गुरुजींचा आवाज, तो बसका, लांबवलेला सूर, आणि मागून बायकांचा. पीपलरावांची मंडळीही शेवटच्या 'सावधान'ला हौसेने आवाज लावत होती, चाल थोडी वेगळी, पण जोर भरपूर. मी ड्रायव्हरला उठवलं. मूठभर अक्षता त्याच्या हातात दिल्या.

"कंई करना है भिया?"

"मी टाकल्या की टाकायच्या."

आम्ही दोघांनी प्रत्येक मंगलाष्टकाला समोरच्या काचेवर अक्षता टाकल्या. पांढऱ्या मोटारीतला काच खाली करून बघत होता. शेवटी त्यानेही हात पुढे केला, मी त्याला थोड्या दिल्या. त्याने आमच्या बॉनेटवर टाकल्या. मग तिकडे ताशा वाजला आणि फोन बंद झाला. मागचा कंटेनर उगाचच हॉर्न देऊ लागला.

क्रेन आली, पातं वळलं, सगळं हळूहळू सुटलं. धारला कार्यालयात पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत बसत होती. दारात माझी बहीण. मला वाटलं ती बोलेल, तर तिने नुसतं हाताला धरून आत नेलं आणि पानावर बसवलं. आत्या खुर्चीत, गळ्यात व्याह्यांनी घातलेला हार, भोवती पीपलरावांच्या बायका. त्यांना ती सांगत होती की मामा असाच उभा राहतो, पण जरा ताठ.

भाची पिवळ्या साडीत माझ्या पानाशी येऊन बसली. मुंडावळ्या तशाच. तिचं होऊन गेलं होतं, तिला हवं तसं, वेळेवर. मी म्हटलं, "बाळ, तुला आणायला मी नव्हतो. राग आला का?"

खोटं बोलायची सवय नाही पोरीला.

"सच सांगू मामा? तू नव्हतास ना, म्हणूनच टैमवर झालं."